पन्नास रेड्यांचं शेड टाकू का? जगातल्या बीफचा हिशेब आणि आपला गोठा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंगळवेढा तालुक्यात आठ एकर रान, निम्मं बागायत. डिप्लोमा करून पुण्याला नोकरी केली, आता गावी परतलात. ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलियात लोक हजारो जनावरं मांसासाठी वाढवतात आणि कमावतात, हे तुम्ही व्हिडिओत बघितलं. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारतही पुढं आहे. मग गावोगावी हजार-दोन हजारांत मिळणारी रेडकं गोळा करून, कर्ज काढून पन्नास रेड्यांचं शेड टाकलं तर जमेल का?

माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात पशुवैद्य म्हणून झाली. आता निवृत्तीनंतर मी लोकांच्या गोठ्यांचे जमाखर्च बघून देतो. उत्तर आधीच सांगतो: शेड टाकू नका. पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर उद्या दुसरा व्हिडिओ बघून तुमचं मन पुन्हा तिकडं जाईल. म्हणून आधी परदेशात हा धंदा कशावर उभा आहे ते सांगतो, मग आपल्या गोठ्याचं गणित मांडतो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे. विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मार्च २०१५ मध्ये मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत, पण कत्तलीसाठी त्यांनाही अधिकाऱ्याचा दाखला लागतो. देशातून निर्यात होते ती म्हशीच्या, हाड काढलेल्या मांसाची. गाय, बैल, वासरू यांच्या मांसाची निर्यात बंद आहे. त्यामुळं पुढं परदेशाबद्दल बोलताना बीफ म्हणजे गाईबैलांचं मांस आणि आपल्याबद्दल बोलताना म्हशीरेड्याचं, असं धरून चाला.

मांसाच्या धंद्यात सगळ्यात महाग काय, असं विचारलं की बहुतेक जण खुराक म्हणतात. माझ्या मते सगळ्यात महाग असतं ते वासरू. कोंबडी वर्षाला शेकड्यानं अंडी देते, डुकरीण वर्षात वीसच्या वर पिल्लं देते. गाय देते एक वासरू, आणि त्या एका वासरासाठी तिला बारा महिने पोसावं लागतं. मांसाच्या जातीच्या गाईचं दूध कुणी काढत नाही, ते वासरूच पितं. म्हणजे आईचा वर्षभराचा चारा, औषधपाणी, जमिनीचं भाडं, तिच्या भांडवलावरचं व्याज, सगळं त्या एका वासराच्या अंगावर. हा बोजा कुणाच्या खांद्यावर टाकायचा, याचं उत्तर प्रत्येक देशानं आपापल्या परीनं काढलंय. ते उत्तर कळलं की त्या देशाचा धंदा कळला.

अमेरिकेत हा बोजा माळरानावर आहे. टेक्सास, नेब्रास्का, मोंटाना या भागात पीक धड येणार नाही असं अफाट गवताळ रान आहे, तिथं गाई चरतात. मांसाच्या गाई पाळणाऱ्यांचा सरासरी कळप पन्नाशीच्या आतलाच असतो आणि त्यातले कित्येक जण दुसरी नोकरी करून हा व्याप सांभाळतात. सहा-आठ महिन्यांचं वासरू ते विकतात. ते कुणीतरी आणखी काही महिने गवतावर वाढवतो आणि शेवटचे पाच-सहा महिने ते फीडलॉटवर, म्हणजे धान्याचा खुराक घालून जनावरं पुष्ट करायच्या मोठ्या वाड्यात येतं. तुम्ही व्हिडिओत बघितलं ते एवढंच, शेवटचं पाऊल. फीडलॉटवाला गाय सांभाळत नाही. तो वासरू विकत घेतो, मका विकत घेतो आणि सहाशे-साडेसहाशे किलोचं जनावर विकतो. एक किलो वजन वाढायला सहा-सात किलो कोरडा खुराक लागतो. मका महागला की वासराचा भाव पडतो आणि वासरू महागलं की फीडलॉटवाल्याचा घास जातो. म्हणून शिकागोच्या वायदेबाजारात १९६४ पासून जिवंत जनावरांचे वायदे चालतात. फीडलॉटवाला जनावर आत घेतानाच विक्रीचा भाव बांधून ठेवू शकतो. आपल्याकडं रेड्याचा भाव सहा महिने आधी बांधून देणारा कुणी नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिथंही पैसा उरतो तो बहुतेक वेळा कत्तलखान्याच्या दारात. टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांच्या हातात फीडलॉटच्या जनावरांची ८० टक्क्यांहून अधिक कत्तल आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कान्ससमधल्या होलकोम्ब इथं टायसनच्या कारखान्याला आग लागली. देशाच्या एकूण क्षमतेचा पाच-सहा टक्के भागच काही महिने बंद राहिला. पण तेवढ्यानं जिवंत जनावराचा भाव खाली आला आणि मांसाचा भाव वर गेला. जनावर तेच, गिऱ्हाईकही तेच, मधलं दार तेवढं अरुंद झालं. जनावर तयार झालं की ते थांबवून ठेवता येत नाही, कारण रोजचा खुराक सुरूच असतो आणि वाढ मंदावलेली असते. दार ज्याच्या ताब्यात, भावही त्याचाच. कांद्याच्या बाबतीत आपण हे सोलापूरच्या मार्केट यार्डात बघतोच, पण कांदा निदान चाळीत थोडे दिवस ठेवता येतो.

ब्राझीलची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. तिथं तेवीस कोटींच्या वर गुरं आहेत आणि मांसाच्या गुरांत सगळ्यात मोठा वाटा नेलोर जातीचा. ही जात आपल्या आंध्रातल्या ओंगोल गाईंपासून तयार झाली. उष्णता, गोचीड, निकृष्ट गवत, सगळं सोसणारी. त्यांनी नोंदी ठेवून, वळू निवडून पिढ्यान् पिढ्या ती सुधारली. व्हियातिना-१९ नावाच्या एका नेलोर गाईचा एक तृतीयांश हिस्सा २०२३ मध्ये लिलावात गेला तेव्हा तिची पूर्ण किंमत चाळीस लाख डॉलरच्या वर धरली गेली. आपल्या खिल्लारच्या किंवा पंढरपुरी म्हशीच्या नोंदी अशा चिकाटीनं ठेवल्या असत्या तर आज काय झालं असतं, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. पण तो विषय वेगळा.

नेलोरच्या आईचा बोजा ब्राझीलमध्ये जमीन उचलते. आफ्रिकेतून आणलेलं ब्रॅकिॲरिया गवत, वर्षातले बरेच महिने पाऊस आणि स्वस्त रान. ॲमेझॉनच्या कडेनं जंगल तोडून, जाळून कुरणं केली गेली. तिथल्या जंगलतोडीचं सगळ्यात मोठं कारण गुरांची कुरणं हेच आहे. बऱ्याच ठिकाणी गुरं हे जमीन ताब्यात ठेवण्याचं साधन असतं. जनावरावर थोडं मिळालं तरी चालतं, कारण खरी कमाई दहा वर्षांनी जमिनीचा भाव वाढल्यावर होते. तिथला नफा वाचताना हे कुठल्या कोष्टकात दिसत नाही. त्याची किंमत जंगल चुकवतं आणि पाऊसही. अशा देशाशी किलोच्या भावात स्पर्धा करायची तर आपल्याकडं तेवढी फुकट जमीन नाही, आणि असती तरी मी तसं करा म्हणालो नसतो.

ऑस्ट्रेलियात बोजा माळावरच आहे, पण मालक पावसाचा गुलाम. २०१८-१९ ला आपल्याकडं दुष्काळ पडला तेव्हा तिथंही पडला होता. त्यांनी काय केलं? गाईच विकल्या. कत्तल वाढली आणि देशातला गुरांचा आकडा कित्येक वर्षांच्या तळाला गेला. मग पाऊस झाला आणि सगळ्यांना एकदम गाई हव्या झाल्या. पूर्व भागातल्या तरुण जनावरांच्या भावाचा निर्देशांक २०२२ च्या सुरुवातीला किलोला ११ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ४ डॉलरच्याही खाली आला. ज्यानं वरच्या भावात कळप उभा केला त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्याच २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला, मंगळवेढ्यात आपण चारा छावण्या चालवल्या. मोठ्या जनावराला दिवसाला ९० रुपये, नंतर १०० रुपये सरकारनं दिले. आपल्याकडं दुष्काळात जनावर टिकवायचा खर्च समाज उचलतो, तिकडं कळप कमी करून बाजार तो उचलतो. मी छावणीवर काम केलंय, तिथं शेतकरी आपल्या जनावराजवळ रात्र रात्र झोपायचा. त्यामुळं छावणी चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो शंभर रुपयांचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

भाव कृत्रिमपणे दाबला की काय होतं याचा धडा अर्जेंटिनानं दिलाय. देशात मांस स्वस्त राहावं म्हणून मार्च २००६ मध्ये तिथल्या सरकारनं निर्यात थांबवली, पुढंही कोटे आणि निर्बंध राहिले. गाई पाळणं परवडेना, तेव्हा लोकांनी गाभण राहू शकणाऱ्या गाईसुद्धा कापायला पाठवल्या. पहिली दोन-तीन वर्षं मांस स्वस्त झालं. मग दुष्काळही आला. २००७ ते २०११ च्या दरम्यान देशातली सुमारे एक कोटी गुरं कमी झाली आणि मांस पूर्वीपेक्षा महाग झालं. जनावराच्या धंद्यात आजच्या निर्णयाचं फळ तीन-चार वर्षांनी येतं, कारण आज कालवड राखून ठेवली तर तिचं वासरू बाजारात यायला तेवढा वेळ जातो. अमेरिकेत आज तेच चाललंय. वर्षानुवर्षांच्या दुष्काळात कळप विकले गेले, २०२५ च्या सुरुवातीला गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली. १९५१ नंतरचा तो तोवरचा सगळ्यात कमी आकडा. मग मांसाचे भाव विक्रमी चढले. आज भाव चढा आहे म्हणून आज जनावर तयार करता येत नाही.

युरोपात बोजा बराचसा सरकार उचलतं. आयर्लंडमध्ये मांसाच्या वासरांसाठी गाई पाळणाऱ्याचं अनुदान बऱ्याच वर्षी त्याच्या शेतीतल्या निव्वळ उत्पन्नाहून जास्त असतं. याचा अर्थ जनावरावर तोटाच होतो आणि चेक आला म्हणून घर चालतं.

राहिली शेवटची वाट, आपली. बोजा दुधानं उचलायचा.

न्यूझीलंड आणि युरोपातल्या बीफचा मोठा हिस्सा दुधाच्या कळपातूनच येतो: भाकड गाई आणि नर वासरं. अमेरिकेतले दूधवालेही अलीकडं हुशार झालेत. चांगल्या गाईंना लिंगनिश्चित रेतन वापरून कालवडी घ्यायच्या आणि उरलेल्या गाईंना अँगस या मांसाच्या जातीच्या वळूचं रेतन द्यायचं. होल्स्टिन या दुधाळ जातीचं जे गोऱ्हं पूर्वी कवडीमोल जायचं, त्याच्या जागी आता अँगस संकराचं चार दिवसांचं वासरू हजार डॉलरच्या आसपास विकलं गेलंय. या वासराच्या आईचा खर्च दुधानं आधीच फेडलेला असतो, हे त्यातलं मर्म.

भारतात तर म्हशीचं जवळपास सगळंच मांस दुधाच्या पोटातून येतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. मांसासाठी म्हैस पाळणारा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. तिचे वेत संपले, ती भाकड झाली, की ती बाजारात येते. म्हणजे आपलं मांस उत्पादन-खर्चाच्या भावानं विकलं जात नाही. खर्च दुधात वसूल झालेला असतो, म्हैस येईल त्या भावात जाते. म्हणूनच भारताचं मांस जगात स्वस्त आहे आणि म्हणूनच आपण निर्यातदारांच्या पहिल्या रांगेत आहोत. तुम्ही मात्र याच बाजारात उत्पादन-खर्च भरून तयार केलेला रेडा विकायला निघालाय. तुमची स्पर्धा अशा मालाशी आहे ज्याचा खर्च आधीच कुणीतरी भरलेला आहे.

आता आकड्यांनी बघू. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस गेलं आणि सुमारे ३.७ अब्ज डॉलर आले. भागाकार केला तर किलोला २.९ डॉलरच्या आसपास पडतात, त्या वर्षीच्या दरानं २४० रुपये. हा भाव हाड काढलेल्या, गोठवलेल्या, खोक्यात भरलेल्या मांसाचा. म्हशीचं जिवंत वजन शंभर किलो धरलं तर सोललेलं धड पन्नास किलोच्या जवळपास भरतं आणि त्यातून हाड काढल्यावर पस्तीस किलो मांस राहतं. म्हणजे एक किलो जिवंत वजनातून निर्यातदाराला ८४ रुपयांचं मांस मिळतं. कातडं, आतडी, हाडं, चरबी यांचे थोडे पैसे वर. त्यातून त्याला वाहतूक, दलाली, कत्तल, शीतगृह, वीज, कंटेनर आणि स्वतःचा नफा काढायचाय. स्थानिक बाजारात भाव थोडा इकडंतिकडं होतो, पण जिवंत वजनाला किलोमागं शंभर रुपयांच्या फार वर व्यापारी का जाऊ शकत नाही, ते यातून कळेल. हे छत आहे, आणि ते सोलापुरात ठरत नाही.

छत इतकं खाली का, तर लाळ्या-खुरकूत. हा रोग आपल्याकडं असल्यामुळं जपान, कोरिया, अमेरिका, युरोप ही भाव देणारी गिऱ्हाइकं आपलं कच्चं मांस घेत नाहीत. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक, इंडोनेशिया, सौदी अरेबिया, अमिरात इथं माल जातो. तोही हाडं आणि गाठी काढून, मांस थंड जागी मुरवून त्याचा पीएच ६ च्या खाली आणल्यावर, कारण त्या आम्लतेत विषाणू टिकत नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला हे दोन रोग हटवण्यासाठी १३,३४३ कोटींचा कार्यक्रम सुरू केला. लसीकरणाला टाळाटाळ करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, त्या एका टोचणीत देशाचा भाव अडकलाय. ब्राझीलला मे २०२५ मध्ये ‘लसीकरणाशिवाय लाळ्या-खुरकूतमुक्त’ असा जागतिक दर्जा मिळाला. त्यासाठी त्यांनी कित्येक दशकं लस टोचली होती.

आणखी एक. आपलं मांस बहुतेक रस्सा, खिमा आणि डबाबंद पदार्थांसाठी जातं. तिथं चरबी कमी असलेलं, स्वस्त मांस हवं असतं. मका खाऊ घालून कोवळा, मऊ रेडा तयार केलात तरी त्याला म्हाताऱ्या म्हशीपेक्षा फार वेगळा भाव देणारं गिऱ्हाईक आपल्या बाजारात नाही.

आता खर्चाची बाजू. रेडकू हजार रुपयांत मिळतं ते का? कारण ते दूध पितं. त्याला नीट वाढवायचं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अडीचशे-तीनशे लिटर दूध लागतं. साठ रुपये लिटर धरले तरी पंधरा-अठरा हजार झाले. कुठला शेतकरी ते देईल? म्हणून बहुतेक गोठ्यांत रेडकाला पान्ह्यापुरतं सोडतात आणि ओढून बांधतात. पुरेसा चीक नाही, दूध नाही. त्यात म्हशीच्या दुधातून येणारे गोल जंत. दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचं औषध पाजलं पाहिजे, ते रेडकाला कुणी पाजत नाही. हगवण लागते आणि मरतं. तुम्हाला मिळणारं रेडकू हे या सगळ्यातून कसंबसं वाचलेलं, पोट सुटलेलं, हाडं दिसणारं पोर असतं. अशी पन्नास वेगवेगळ्या गोठ्यांतली पोरं एका छताखाली आणली की पहिल्या महिन्यात किती दगावतील याची मला धास्ती वाटते. प्रकल्प अहवालात मरतुक पाच टक्के लिहिलेली असते. या वयाच्या, अशा रेडकांत मी तेवढ्यावर कधी विश्वास ठेवणार नाही.

जी जगतील त्यांची वाढ बघा. चांगल्या खुराकावर रेडा दिवसाला पाचशे-सहाशे ग्रॅम वाढतो, आणि एक किलो वाढीला आठ-नऊ किलो कोरडा चारा-खुराक खातो. मालदांडीचा कडबा, मक्याचा मुरघास, भरडा, सरकी पेंड, थोडा भुसा असं मिश्रण धरून आजच्या भावानं कोरड्या किलोला पंधरा रुपये, तेही काटकसरीनं धरलेत. म्हणजे एक किलो वजन वाढायला नुसत्या खाण्याचे १२० ते १३५ रुपये. विक्रीचा भाव शंभरच्या आसपास. अजून मजूर, वीज, पाणी, औषध आणि बँकेचं व्याज बाकी आहे. जितकं वजन वाढवाल तितका तोटा वाढतो. उसाच्या वाढ्यांवर स्वस्तात निभावू असं कुणी सुचवेल. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि प्रथिनं फारच कमी असतात. त्यावर जनावर जगतं, वाढत नाही. भाव तुमच्या तालुक्यातले घालून हेच गणित स्वतः करा. माझ्या मते चारा फुकट मिळाल्याशिवाय ते जुळत नाही.

पण मांसाचा भाव तुमच्या कामाचाच नाही, असं समजू नका. तो तुमच्या दुधात दडलाय. समजा एक लाख दहा हजारांना दुसऱ्या वेताची म्हैस घेतली. चार वेत दूध काढलं, वेताला अठराशे लिटर. शेवटी ती भाकड झाल्यावर ४० हजारांना गेली. म्हशीची घट ७० हजार, वेताला साडेसतरा हजार. आता समजा ती विकताच आली नाही. घट वेताला साडेसत्तावीस हजार झाली. फरक दहा हजारांचा, म्हणजे लिटरमागं साडेपाच रुपये. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान मिळावं म्हणून राज्यात केवढी ओरड झाली होती ते आठवा. भाकड म्हशीचा भाव म्हणजे जवळपास तेवढं अनुदान, आणि ते कुठल्या पोर्टलवर अर्ज न करता मिळतं.

संकरित गाईला हा आधार उरला नाही. भाकड गाय घरी ठेवली तर छावणीच्या त्या शंभर रुपयांनी वर्षाला साडेछत्तीस हजार होतात. पाच वर्षं जगली तर पावणेदोन लाखांच्या वर. सरकार गोशाळेतल्या देशी गाईंना दिवसाला ५० रुपये देतं, पण आपल्या जिल्ह्यातल्या गोठ्यांत उभ्या आहेत त्या बहुतेक होल्स्टिन आणि जर्सी संकराच्या. गाईवरची श्रद्धा मला कळते, माझ्या घरीही वसुबारसेला पूजा होते. पण तिच्या म्हातारपणाचा खर्च जर सगळ्या समाजाची इच्छा म्हणून होणार असेल तर तो एकट्या अल्पभूधारकावर टाकू नये, हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलत आलोय. आज तो खर्च टाळायला लोक रात्री गाय सोडून देतात. तिचे हाल होतात आणि शेजाऱ्याच्या ज्वारीचेही.

म्हशीचा बाजारही निर्धोक राहिलेला नाही. कायदेशीर वाहतुकीतही गाड्या अडवल्या जातात या तक्रारीवरून २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली होती. बाजारात गिऱ्हाईक नसलं की भाकड जनावर घेऊन आलेला शेतकरी भाडं भरून तसाच परत जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळं बाजार बंद झाले तेव्हाही हेच झालं. पन्नास रेडे तयार होऊन दावणीला उभे आहेत, दिवसाला पाच-सहा हजारांचा चारा खातायत आणि बाजार बंद आहे, हे चित्र कर्जाच्या हप्त्याशेजारी ठेवून बघा. होलकोम्बच्या आगीत जे झालं तेच, फक्त इथं वायदेबाजार नाही आणि भावाचा विमाही नाही.

या साखळीत आणखी बरीच माणसं आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सोलापूर जिल्हाही आहे. ती चप्पल घडवणाऱ्यांना कातडं याच साखळीतून मिळतं. भाकड जनावराचा व्यवहार अडला की शेतकऱ्याच्या दुधाबरोबर त्यांचंही पोट अडतं.

मग तुम्ही काय करावं? गोठा तोच, चारा तोच, पण जनावर मादी घ्या. चांगल्या आईच्या मुऱ्हा किंवा पंढरपुरी पारड्या सहा-आठ महिन्यांच्या घ्या, पाच-सातच, आणि त्या गाभण करून विका किंवा स्वतः ठेवा. रेडा वाढवलात तर प्रत्येक किलोला शंभर रुपये मिळतात. पारडी वाढवलीत तर तिचा भाव तिच्या पुढच्या दुधावर ठरतो आणि तयार गाभण म्हैस लाखाच्या घरात जाते. दिवसाला पन्नास रुपये खाणं धरलं तरी दोन-अडीच वर्षांत खर्च आणि खरेदी वजा जाऊन काही उरतं. माज ओळखायला शिका, म्हशीचा माज रात्री आणि मुका असतो. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा चारा वाया. रेतन लिंगनिश्चित घ्या, दहात नऊ वेळा मादी होते. रेडकू जन्मालाच कमी आलं तर त्याचे हाल करायची वेळही येत नाही, आणि मला हे पैशांहून मोठं वाटतं.

मांसासाठीच जनावर वाढवायची हौस असेल तर उस्मानाबादी शेळी आपल्या दारातली आहे. बोकडाचं जिवंत वजन रेड्याच्या चौपट भावानं जातं, शेळी बहुतेक वेताला दोन करडं देते, गिऱ्हाईक गावातच आहे आणि कुठल्या बंदराकडं बघावं लागत नाही. तिचा आजार, कुंपण, चोरी हे सगळं आहेच, पण गणित जुळतं. वीस शेळ्यांनी सुरू करा, कर्ज न काढता.

आणि भाकड म्हैस विकाल तेव्हा डोळ्यांच्या अंदाजानं विकू नका. सांगोल्याच्या बाजारात अजूनही रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो आणि व्यापाऱ्याचा अंदाज तुमच्यापेक्षा पक्का असतो. घरून निघण्याआधी टेपनं पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं वजन किलोत. घेर ७५ आणि लांबी ५८ असेल तर ४९० किलोच्या थोडं वर येतं. दहा टक्के मागंपुढं धरा. म्हैस आटल्यावर लगेच हाडकलेली विकू नका. दोन महिने बरा चारा देऊन अंग भरलं की उचल वाढते, हा दोन महिन्यांचा खर्च मात्र वसूल होतो, कारण मोठ्या सांगाड्यावर गेलेलं मांस लवकर परत येतं आणि व्यापारी भरलेल्या अंगाला वेगळा भाव लावतो. कानात बारा अंकी बिल्ला आहे का बघा, जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय जनावर गाडीत चढू देऊ नका आणि त्या पावतीचा फोटो स्वतःजवळ ठेवा.

तुमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती तास चालतं आणि घरचा कडबा किती पेंड्या निघतो, हे दोन आकडे कळवा. त्यावरून किती पारड्या पेलतील ते मांडून देतो.